कंकणद्वीपांमध्ये यॉटवर राहताना : पास, नांगर, पाणी आणि माणसं

लाटांवरून

दक्षिण पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतूचं बेट लांबून दिसतं ते माडांची काळसर रेघ म्हणून. जमीन पाण्याच्या वर जेमतेम दोन-तीन मीटर, त्यावर माड, एवढीच सगळी उंची. डेकवर उभं राहून आठ-दहा सागरी मैलांच्या आत आल्याशिवाय काही म्हणता काही दिसत नाही. त्याआधीची मार्केसास बेटं अगदी उलटी. ढगांत घुसलेले काळे डोंगर, तीस मैलांवरून ओळखू येणारे, पण भोवती प्रवाळाची भिंत नाही, म्हणून बहुतेक खाड्यांमध्ये नांगरलेली यॉट रात्रभर डुलत राहते. तिथून चार-पाच दिवस शिडांवर खाली आलं की तुआमोतू. जुन्या नकाशांवर या पट्ट्यावर सरळ 'धोकादायक द्वीपसमूह' असंच लिहिलेलं असे.

ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्या कडेनं वाढणारं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर येत राहतं, आणि शेवटी डोंगर बुडून प्रवाळाचं कडं तेवढं उरतं, तेच कंकणद्वीप. डार्विननं हे १८४२ मध्ये मांडलं. नंतर प्रवाळाखाली खोल भोकं पाडली तेव्हा तळाशी ज्वालामुखीचा खडक खरोखर सापडला. आम्ही राहतो त्या कड्याच्या आतल्या पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये.

इथे राहायचं तर दिवसभर कशाकशाकडे लक्ष ठेवावं लागतं ते नीट लिहून काढावं म्हणून हा धागा. मला स्वतःला पटलेली गोष्ट एकच आहे. वस्तीपासून जितकं लांब जावं तितकं आपण दुसऱ्याच्या शब्दावर जास्त विसंबतो. स्वावलंबन लागतंच, इंजिनाचा पंप तुमचा तुम्हालाच उघडता आला पाहिजे. पण इथलं पाणी, इथला मासा, इथला वारा हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारता येणं आणि त्याचं ऐकणं हे त्याहून मोठं काम आहे.

पासचंच बघा. कड्याला एक-दोन ठिकाणी फट असते, त्यालाच सगळे पास म्हणतात. आत-बाहेर जायचा रस्ता तेवढाच. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून 'पाणी अमुक वाजता थांबेल' असं धरून चालता येत नाही, कारण लगूनमध्ये पाणी फक्त पासमधून येत नाही. दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत असल्या की त्या कड्यावरून आत कोसळत राहतात, लगून भरत राहतं, आणि ते सगळं पाणी बाहेर पडतं ते पासमधूनच. चार दिवस मोठी लाट राहिली की काही बेटांवर बाहेरचा ओढा थांबतच नाही, फक्त कमी-जास्त होतो. काही पासमध्ये प्रवाह सहा-सात नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो आणि आमचं इंजिन यॉटला ढकलतं सहा नॉटनं. बाहेर जाणारं पाणी समोरून येणाऱ्या वाऱ्याला भिडलं की तोंडाशी उभ्या लाटा तयार होतात. मग पासच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर, शिडं आखडून थांबायचं. कधी पूर्ण रात्र. गावात कोणाशी रेडिओवर बोलता आलं तर सोन्याहून पिवळं. जे लोक रोज तिथे पाण्यात उतरतात, डायव्हिंगवाले आणि मासेमार, त्यांना आज पाणी कधी सैल पडणार हे पक्कं माहीत असतं.

नांगराबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, तो विषय मोठा आहे.

चकोर

वाचतेय. लाट कड्यावरून आत येते हे डोक्यातच आलं नव्हतं. नांगराचं लवकर लिहा.

लाटांवरून

लिहिते.

लगूनचा तळ म्हणजे पांढरी वाळू आणि तिच्यात मधूनमधून उभे प्रवाळाचे गड्डे. इथे सगळे त्यांना 'बॉमी' म्हणतात. काही गुडघ्याएवढे, काही तळापासून पार पृष्ठभागापर्यंत. नांगर टाकायचा तो वाळूत, प्रवाळावर कधीच नाही. प्रवाळ मोडतं, आणि मोडलेलं परत वाढायला माणसाचं आयुष्य जातं. पण नांगर वाळूत पडला म्हणून काम संपत नाही. साखळी उरतेच. दहा मीटर पाण्यात पन्नास मीटर साखळी सोडली की वारा फिरेल तसतशी यॉट फिरते, साखळी तळावरून घासत जाते आणि एखाद्या बॉमीला वेढा घालते. दुसऱ्या दिवशी वारा उलटला की आणखी एक वेढा. आता पन्नास मीटरची साखळी प्रत्यक्षात उरली पंधरा मीटर, जवळजवळ उभी. एक मोठी लाट आली की नाळेला, म्हणजे यॉटच्या पुढच्या टोकाला, असा हिसका बसतो की साखळीचा रोलर वाकतो.

यावर इथला तोडगा म्हणजे मोत्यांच्या शेतीतले प्लास्टिकचे गोळे. मोती काढणारे लोक शिंपल्यांच्या दोऱ्या तरंगत्या ठेवायला हे गोळे वापरतात, आणि सुटलेले गोळे वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यांवर येऊन पडलेले असतात. नांगराजवळची काही मीटर साखळी वाळूवरच राहू द्यायची, म्हणजे ओढ आडवी राहते. त्यानंतर थोड्या थोड्या अंतरावर एकेक गोळा अडकवत जायचं. मधली साखळी पाण्यात झुलते, बॉमींच्या डोक्यावरून जाते. वारा जोरात आला की गोळे खाली ओढले जातात, साखळी ताणते, आणि तोच धक्का शोषून घेण्याचं काम होतं. प्रवाळही वाचतं, यॉटही.

आणि मग पाण्यात उतरून नांगर डोळ्यांनी बघायचा. हे मी कधी सोडत नाही.

नकाशे

लाटांवरून ताई, सुंदर लिहिताय. माझं काम नकाशांचं, म्हणून एक भर घालतो.

या भागातल्या बऱ्याच नकाशांचा पाया फार जुन्या सर्वेक्षणांवर आहे. जीपीएस तुमची जागा अचूक सांगतो, पण नकाशावरचं बेटच आपल्या जागेवरून सरकलेलं असेल तर त्या अचूकपणाचा काय उपयोग? दुसरी अडचण पडद्यावरच्या नकाशांची. झूम कमी केला की बारीक तपशील गाळले जातात. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली 'वेस्टास विंड' ही यॉट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गादोस काराहोस नावाच्या प्रवाळरांगेवर पूर्ण वेगात जाऊन आदळली. जगातले उत्तम खलाशी, उत्तम उपकरणं. त्यांनी पाहिलेल्या झूमवर ती रांग धोका म्हणून दिसतच नव्हती. नऊच्या नऊ जण वाचले, पण यॉटची मागची बाजू फाटली. त्यामुळे रात्री निघण्याआधी पूर्ण मार्ग मोठ्या झूमवर, इंचाइंचानं तपासायचा, ही सवय हवीच.

आता बरेच लोक उपग्रहचित्रं आधी उतरवून घेतात आणि नकाशाच्या प्रोग्राममध्ये यॉटची जागा त्या चित्रावर बघतात. लगूनमध्ये याचा फार फायदा होतो, कारण बॉमी चित्रात दिसतात. पण ढगाखाली काय होतं ते चित्र सांगत नाही.

लाटांवरून

नकाशेदादा, अगदी बरोबर. चित्रं आम्हीही वापरतो. तरी लगूनमध्ये यॉट हलवायची ती सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच, म्हणजे सकाळी उशिरापासून दुपारी तीनपर्यंत. एक जण नाळेवर, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळू, पिवळट हिरवं म्हणजे जपून, तपकिरी म्हणजे प्रवाळ अगदी वर आलंय. ढगाची सावली आणि प्रवाळ दिसायला सारखंच, म्हणून थांबून बघायचं, ती सरकते का.

याचा शेवट इथल्या लोकांपाशीच येतो. हे सगळं डोळ्यांनी वाचण्याचं ज्ञान त्यांचं आहे. कंकणद्वीपावरच्या ढगाच्या पोटाला लगूनची हिरवट झाक येते, बेट दिसायच्या आधी ती दिसते. संध्याकाळी पांढरे टर्न पक्षी ज्या दिशेनं घरी जातात तिकडे जमीन असते. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग यांनी होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली, होकायंत्रसुद्धा न वापरता, तारे आणि लाटांच्या आधारानं. आणि त्या मार्गावर पहिली जमीन लागली ती तुआमोतूतलीच, मातायवा. त्याआधी कितीतरी पंडित ठासून सांगत होते की पॉलिनेशियन लोक वाहत वाहत बेटांवर पोचले असतील.

कातळ

धागा आवडला, पण तुमच्या मूळ मुद्द्याशी असहमत. इतक्या लांब जायचं ते माणसांपासून सुटण्यासाठीच ना? मी जाईन तर निर्जन जागी जाईन. रोज गावात जाऊन विचारपूस करायची असेल तर किनाऱ्यावर राहिलेलं काय वाईट?

सुकाणू

कातळ, तुम्हाला मिनर्व्हा रीफ आवडेल. मी टोंगाहून न्यूझीलंडला जाणाऱ्या एका यॉटवर क्रू म्हणून होतो, तेव्हा तिथे थांबलो. भरतीला सगळं कडं पाण्याखाली जातं. आजूबाजूला क्षितिजापर्यंत फक्त समुद्र, आणि मध्ये तुम्ही बारा-पंधरा मीटर पाण्यात नांगरलेले. लाटा कड्यावर फुटतात, आत यॉट शांत उभी. १९७२ मध्ये काही लोकांनी तिथे वाळू टाकून स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. टोंगानं त्याच वर्षी ती दोन्ही कडी आपली म्हणून जाहीर केली आणि प्रकरण मिटलं.

पण तिथेसुद्धा आम्ही एकटे नव्हतो. न्यूझीलंडला उतरण्यासाठी हवामान जुळून यायची वाट बघत आणखी यॉट थांबलेल्या. एकाच्या जनरेटरचा पट्टा तुटला, दुसऱ्याकडे त्या मापाचा होता. आमच्या कप्तानानं एका यॉटवरच्या माणसाचा दुखरा दात रेडिओवरून एका दंतवैद्याला विचारून सांभाळला. निर्जन जागी शेजारी जास्त लागतो, हे ताईंचं म्हणणं मला तिथे कळलं.

आणि माणसांचं म्हणाल तर कुक बेटांतलं पामरस्टन बघा. १८६३ मध्ये विल्यम मार्स्टर्स नावाचा इंग्रज आपल्या पॉलिनेशियन बायकांबरोबर तिथे राहायला गेला. आजची वस्ती त्याच्या तीन घरांची, सगळ्यांचं आडनाव एकच. मोठ्या यॉटला आत जायला पास नाही, कड्याबाहेर मुरिंगला, म्हणजे तळाशी कायम पक्क्या केलेल्या दोराला, बांधून ठेवायची. जे घर आधी होडी घेऊन तुमच्यापर्यंत पोचतं, तुम्ही त्या घराचे पाहुणे. ने-आण तेच करतात, जेवण त्यांच्याकडे. मालवाहू जहाज वर्षातून मोजक्या वेळा येतं, म्हणून येणाऱ्या यॉटकडे रवानगीसाठी सामान, औषधं, पत्रं सोपवलेली असतात. अशा जागी जाऊन 'मला एकांत हवा' म्हणणं मला तरी जमणार नाही.

डॉक्टरीण

माशांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मध्येच घुसते. सिग्वाटेरा, म्हणजे मासे खाऊन होणारी एक विषबाधा. प्रवाळावर वाढणाऱ्या शेवाळावर एक सूक्ष्म जीव असतो, तो विष तयार करतो. शेवाळ खाणारा छोटा मासा, त्याला खाणारा मोठा, त्याला खाणारा आणखी मोठा, असं ते विष साठत जातं. मोठा बाराकुडा, मोरे ईल, मोठे ग्रुपर आणि स्नॅपर हे सर्वांत धोक्याचे. या जीवाच्या शास्त्रीय नावात गँबिये बेटांचं नाव आहे, कारण तो तिथे ओळखला गेला, आणि ती बेटं तुमच्या तुआमोतूच्या शेजारचीच.

चव, वास, रंग कशानंही ओळखता येत नाही. शिजवून, तळून, गोठवून जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब, मग ओठांना, बोटांना मुंग्या, अंगाला खाज, आणि एक विचित्र लक्षण म्हणजे थंड वस्तू हातात घेतली की चटका बसल्यासारखं वाटतं. नाडी मंदावू शकते. नेमकं असं औषध नाही, लक्षणांवर उपचार करायचे. काही जणांना त्रास महिनोन् महिने पुरतो. खुल्या समुद्रातला टूना, माहीमाही यांत ही भीती नसते.

म्हणून बेटावर पहिला प्रश्न हाच : इथला कोणता मासा तुम्ही खात नाही? एका पासच्या डाव्या बाजूचा मासा चालतो आणि उजव्या बाजूचा नाही, इतकं बारीक ज्ञान गावात असतं.

दुसरं, प्रवाळाचे ओरखडे. दिसायला क्षुल्लक, पण आत बारीक कण राहतात आणि दमट हवेत जखम चिघळते. लगेच गोड्या पाण्यानं आणि साबणानं घासून धुवा, दुखलं तरी घासा. मग कोरडी ठेवा. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून प्रतिजैविकं मात्रेसकट लिहून घ्या. जवळचं रुग्णालय विमानाच्या अंतरावर असतं आणि विमान रोज नसतं.

मृद्गंध

ताई, मुलं बरोबर असतील तर पाण्याचं काय करता? पिणं, धुणं, अंघोळ? आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत, नवऱ्याच्या डोक्यात हे खूळ दोन वर्षांपासून आहे आणि आता माझ्याही.

लाटांवरून

मृद्गंध, खूळ वगैरे अजिबात नाही, जरूर विचार करा. पाण्याचं सविस्तर सांगते.

वॉटरमेकर म्हणजे समुद्राचं पाणी पंपानं साधारण पंचावन्न बार दाबानं एका पडद्यातून ढकलायचं, मीठ मागे राहतं, गोडं पाणी पुढे येतं. लहान यंत्र तासाला तीसेक लिटर देतं. वीज सौर पॅनेलची, म्हणून यंत्र चालतं ते दुपारी, ऊन भरपूर असताना. पडद्याचे शत्रू दोन : तेल आणि क्लोरीन. बंदरात, जिथे पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, तिथे यंत्र कधीच चालवायचं नाही. वापरून झालं की आपणच केलेल्या गोड्या पाण्यानं आतून धुवायचं, नाहीतर पडद्यावर जीव वाढतात. भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं घासायची, शेवटचं पाणी गोडं. अंघोळही तशीच, समुद्रात उडी मारून साबण, मग वर एक छोटी बादली. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, शेजारच्या यॉटवरची मुलं बघतेच आहे मी. यंत्र बंद पडलं तर म्हणून टाकीतला एक भाग नेहमी भरलेला, त्याला हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. गावाकडे पाणी मागू नका. कंकणद्वीपावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं, भिंगासारखा एक पातळ थर. समुद्रसपाटीच्या वर जेवढी उंची, त्याच्या चाळीसपट खाली गोडं पाणी असं ढोबळ गणित आहे, पण हे मोठ्या बेटांसाठी. इथे जमिनीची पट्टी काहीशे मीटर रुंद आणि खाली सच्छिद्र प्रवाळ, त्यामुळे थर फार बारीक राहतो. जास्त उपसलं की खारं वर येतं. वादळात समुद्र जमिनीवरून गेला की विहिरी कितीतरी महिने निकामी. घरं छपरावरचं पाणी टाक्यांत साठवतात आणि दुष्काळात ते मोजून वापरतात. लोक इतके उदार आहेत की तुम्ही मागितलंत तर नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच मागायचं नाही. उलट दुष्काळात ज्यांच्या यॉटवर मोठं यंत्र आहे त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कॅन भरून दिलेले मी पाहिलेत.

कातळ

हे पाण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. ठीक आहे, मुद्दा मान्य करतो. पण मग भेटवस्तूंचं काय? गावात जाताना काही न्यावं का? मी वाचलंय की यॉटवाल्यांनी मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटून सवयी बिघडवल्या.

सुकाणू

गोळ्या-चॉकलेटं नकोतच. फिजीमध्ये तर रीत ठरलेली आहे, सेवुसेवू. यांगोना म्हणजे कावाच्या मुळ्यांची जुडी घेऊन आधी गावच्या तुरांगा नि कोरोकडे, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्याकडे जायचं. तो प्रमुखाकडे नेतो. जुडी पुढे ठेवायची, ते स्वीकारताना काही वचनं म्हणतात, आणि मग तुम्ही त्या गावाचे पाहुणे. गावासमोरचं पाणी आणि प्रवाळही गावाचंच मानलं जातं, म्हणून नांगर टाकल्यावर पोहायला किंवा मासे धरायला जायच्या आधी हे करायचं. टोपी आणि गॉगल काढून जायचं, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. टोंगात रविवारी काहीही काम करू नका, तिथल्या राज्यघटनेतच रविवार पवित्र मानला आहे.

बाकी ठिकाणी वस्तूपेक्षा हात उपयोगी पडतात. आउटबोर्ड इंजिनाचा कार्ब्युरेटर साफ करून देणं, सौर दिव्याची तार जोडणं, शिवणयंत्र चालू करणं. जुने पण मजबूत दोर, मासेमारीचे गळ, वाचायचे चष्मे हे खरोखर हवे असतात. देतानाही गावातल्या मोठ्या माणसाला विचारून द्यावं.

चकोर

यॉटवर आता सॅटेलाइट इंटरनेट आलंय ना? मग हवामान, सल्ला सगळं पडद्यावर. ताई म्हणतात तसं माणसाला विचारायची गरज अजून राहिली आहे का?

लाटांवरून

आलंय, आमच्याकडेही आहे, आणि त्यामुळे कितीतरी जण संकटातून वाचले असतील. डॉक्टरला फोटो पाठवता येतो, घरच्यांचा आवाज ऐकता येतो. याचं मोल मी कमी करणार नाही.

पण पूर्वी सकाळी एका ठरलेल्या वेळी लांब पल्ल्याच्या रेडिओवर सगळे यायचे. प्रत्येक जण आपली जागा, वारा, लाट सांगे. बोलणारा एक, ऐकणारे पन्नास. एखादी यॉट दोन दिवस बोलली नाही की सगळ्यांच्या लक्षात येई. आता जो तो आपापल्या गटात संदेश टाकतो. नवीन आलेल्याला त्या गटाचा पत्ताच नसतो. आमच्या नांगरवाड्यात म्हणूनच आम्ही व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर, रोज सकाळी पाच मिनिटं बोलायची पद्धत धरून ठेवली आहे, आणि ती सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

पडद्यावरचा अंदाज कुठे कमी पडतो ते सांगते. इथे बहुतेक दिवस आग्नेय किंवा पूर्वेचा व्यापारी वारा. त्या वाऱ्यात लगूनच्या पूर्व कडेला, माडांच्या आड नांगरलं की यॉट ढिम्म. पण दक्षिणेकडून एखादा कमी दाबाचा पट्टा सरकत आला की वारा ईशान्येला जातो, मग उत्तरेला, वायव्येला, पश्चिमेला, आणि शेवटी नैर्ऋत्य-दक्षिण करत जोरात परत आग्नेयेला. पूर्ण घड्याळ उलटं फिरतं. जी कड तुम्हाला आडोसा देत होती ती आता तुमच्या पाठीशी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि मागे प्रवाळ. तुआमोतूतल्या फाकारावा बेटाचं लगून साठेक किलोमीटर लांब आहे. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला धाव मिळाली की लगूनमध्येच मीटर-दीड मीटर लाट उठते, आखूड आणि उभी. हे बहुतेक रात्रीच होतं असं वाटतं, निदान मनात तेच राहतं. अंधारात बॉमी दिसत नाहीत म्हणून नांगर उचलून हलता येत नाही. इंजिन चालू ठेवायचं, साखळीवरचा ताण इंजिननं हलका करत राहायचं, दर दहा मिनिटांनी जागा तपासायची, शेजारच्या यॉटचे दिवे कुठे सरकतात ते बघायचं.

अंदाजात पट्टा दोन दिवस आधी दिसतो, खरं आहे. पण तो या लगूनमध्ये कधी आणि किती जोरानं पोचेल यात अंदाज सहा-आठ तास सहज चुकतो. अशाच एका वेळी गावातले एक म्हातारे मासेमार आमच्या डिंगीजवळ (यॉटवरून किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीजवळ) येऊन म्हणाले, दुपारीच पलीकडे जा. अंदाज दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. आम्ही आणि शेजारच्या दोन यॉटनी त्यांचं ऐकलं, उजेडात लगून ओलांडून दुसऱ्या कडेला गेलो. रात्री दहाला वारा वायव्येकडून आला. त्यांनी काय पाहिलं ते मी नंतर विचारलं. पासच्या तोंडाशी लाटेची दिशा बदलली होती, म्हणाले.

नकाशे

वा. ही लाटेची खूण नोंदवून ठेवतो. ताई, चक्रीवादळाच्या हंगामात काय करता?

लाटांवरून

दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. बहुतेक यॉट न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला जातात, काही मार्केसास किंवा गँबियेकडे सरकतात, तिथे शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. १९८२-८३ च्या एल निन्योत फ्रेंच पॉलिनेशियावर एकामागून एक वादळं आली होती. तुआमोतूत वादळात आसरा नाहीच, जमीन इतकी ठेंगणी की समुद्र वरून जातो.

मृद्गंध

आणि कचरा? तुमच्या यॉटवरचा कचरा कुठे जातो?

लाटांवरून

चांगलं विचारलंत. प्लास्टिक समुद्रात टाकायचं नाही, कुठेच नाही, आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आणि बेटावर द्यायचंही नाही. तिथे एक खड्डा असतो, जाळतात किंवा पुरतात, त्यात आपली भर कशाला? म्हणून मोठ्या बंदरातून निघतानाच पुठ्ठा आणि वेष्टनं धक्क्यावर काढून ठेवतो. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात हे दुसरं कारण. डाळ-तांदूळ-पीठ घट्ट झाकणाच्या बरण्यांत. उरलेलं प्लास्टिक धुऊन, वाळवून, बारीक कापून एका मोठ्या बाटलीत दाबून भरतो. जुन्या बॅटऱ्या आणि इंजिनाचं वापरलेलं तेल पुढच्या मोठ्या बंदरापर्यंत यॉटवरच. फळभाज्यांची सालं लगूनमध्ये नाहीत, बाहेर खोल पाण्यात. लहान मुलं बरोबर असतील तर डायपरचा विचार आत्तापासून करा, मृद्गंध. कापडी वापरायचे तर पाणी लागतं, तयार वापरायचे तर साठवायला जागा लागते. दोन लहान मुलं घेऊन राहणारी एक जोडी इथे आहे, त्यांना विचारून उद्या लिहिते.